जाळरेषेवरची पानं

भामरागड तालुक्यातल्या एका निवासी शाळेची ही गोष्ट. मुलं बहुतेक माडिया, गावं दूरदूरची. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडशी संबंध तुटायचा आणि शाळेला वीज, फोन, टपाल यांचा भरवसा सोडून द्यावा लागायचा. अशा शाळेत एका हिवाळ्यात कायमचं इंटरनेट आलं. मुलांनी तार पाहायला गर्दी केली, मुख्याध्यापकांनी नारळ फोडला आणि लिपिकभाऊ म्हणाले, "आता शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी अहेरीच्या चकरा वाचल्या."

संगणक शिकवायला त्याच वर्षी आलेल्या बाई ब्रह्मपुरीकडच्या, शिक्षण नागपूरचं. तार संगणकाला जोडायच्या आधी त्यांनी मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारला. "सर, आपल्या संगणकांत काय काय ठेवलंय?"

सरांनी सांगायला सुरुवात केली. मुलांची नावं, आधार क्रमांक, जातीचे दाखले, शिष्यवृत्ती जमा होते ती बँकखाती. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि सिकलसेलच्या तपासणीचे निकाल."

गडचिरोलीत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आईबापांकडून, दोघांकडूनही, रक्तातला हा दोष आला तर मूल आयुष्यभर आजारी. एकाकडूनच आला तर मूल फक्त वाहक, बहुधा ठणठणीत. पण गावात हा फरक कोण करत बसतो? एखाद्या मुलीचं नाव त्या यादीत आहे एवढी कुणकुण लागली तरी पुढे तिच्या लग्नाच्या बोलणीत ती निघते. तपासणी त्या मुलीच्या भल्यासाठी केलेली असते. निकाल फुटला तर तोच तिच्या मुळावर येतो.

"ही माहिती आपली नाही सर," बाई म्हणाल्या. "पोरींची आहे. आपल्याकडे नुसती ठेवायला दिलीय."

फायरवॉल कशासाठी असते हे यापेक्षा सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलेलं नाही.

महागडं यंत्र घ्यायला पैसे नव्हते. बाईंनी अडगळीतला एक जुना संगणक पुसून काढला, त्यात चार नेटवर्क कार्डं बसवली आणि फुकट मिळणारं फायरवॉलचं सॉफ्टवेअर घातलं. पहिलं कार्ड बाहेरून येणाऱ्या तारेसाठी, दुसरं ऑफिससाठी, तिसरं मुलांच्या प्रयोगशाळेतल्या पंधरा संगणकांसाठी आणि चौथं फक्त आरोग्याच्या नोंदी असलेल्या एका संगणकासाठी. आता बाहेरचं काहीही आत यायचं तर या जुन्या संगणकातूनच येणार, आणि आतल्या एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत जायचं तरी त्याच्यातूनच.

मग नियम. नेटवर्कवरून जाणारी माहिती लहान लहान तुकड्यांत जाते. प्रत्येक तुकड्यावर तो कुठून निघाला, कुठे चालला आणि कोणत्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर, जाऊ पाहतोय हे लिहिलेलं असतं. फायरवॉल ते वाचते, नियमांची यादी वरून खाली तपासते आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल त्याप्रमाणे तुकडा सोडते किंवा टाकून देते. बाईंनी शेवटचा नियम सगळ्यात आधी लिहिला: वर सांगितलेलं सोडून बाकी सगळं बंद. नंतर वरच्या ओळी एकेक करून भरल्या. मुलांनी आतून एखादं पान मागितलं तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं. न मागता बाहेरून कुणी आलं तर नाही. कुणी काय मागितलंय हे फायरवॉल लक्षात ठेवते, म्हणून तिला हा फरक करता येतो. प्रयोगशाळेला ऑफिसशी काम नाही, तेव्हा तिथे बंद. आरोग्याच्या संगणकाकडे ऑफिसकडूनही बंद. नोंद करायची असेल तर नर्सबाईंनी त्याच खोलीत बसून करायची.

"हे जरा जास्तच होतंय," लिपिकभाऊ म्हणाले. "आपण सगळे एकाच शाळेतले ना?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. तेव्हा ते त्यांना पटलं नाही.

पहिल्या रात्रीची नोंदवही बाईंनी सकाळी सरांना दाखवली. फायरवॉल जे नाकारते त्याचीही ओळ लिहून ठेवते. पानंच्या पानं भरली होती. कुणी 22 क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे का विचारून गेलं होतं, कुणी 445, कुणी 3389. सर चरकले. "अहो, भामरागड कुठे आहे हे मुंबईच्या माणसाला सांगता येत नाही. यांना आपली शाळा कशी कळली?"

त्यांना शाळा कळलेलीच नव्हती. इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे 430 कोटी. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी असा प्रोग्राम दाखवला की जो एका संगणकावरून जवळपास सगळ्या पत्त्यांना पाऊण तासाच्या आत विचारणा करून येतो. आज असे प्रोग्राम कुणालाही मिळतात आणि रात्रंदिवस चालतात. ते शाळा, दवाखाना, बँक असं काही बघत नाहीत. कुठे उघडं आहे एवढंच बघतात. आडबाजूला असणं हे माणसांच्या जगात थोडंफार संरक्षण असेल, या जगात ते अजिबात नाही. मला वाटतं, दुर्गम भागातल्या शाळा, ग्रामपंचायती आणि दवाखाने यांनी सगळ्यात आधी हे मनावर घ्यायला हवं.

फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या याद्यांची मुदत आली आणि ऑफिसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर अडलं. ते बनवणाऱ्या कंपनीचा माणूस शहरात. तो म्हणाला, मी इथूनच तुमच्या संगणकावर येतो आणि दुरुस्त करतो, फक्त 3389 उघडून द्या.

लिपिकभाऊ धावत बाईंकडे आले. "मॅडम, आज रात्रीपुरतं करून द्या ना. उद्या मुदत संपते. साठ-सत्तर पोरांचे पैसे अडतील."

"तो कोणत्या पत्त्यावरून येणार आहे? तेवढ्याच पत्त्याला उघडते."

"ते त्यालाच माहीत नाही. कधी मोबाइलवरून येतो, कधी घरून."

मुलांच्या पैशांचा प्रश्न होता. बाईंनी यादीच्या वरच्या बाजूला एक नवी ओळ लिहिली: ऑफिसचा संगणक, पोर्ट 3389, कुठूनही, परवानगी. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं: "तात्पुरता. उद्या काढणे." त्या रात्री सॉफ्टवेअर दुरुस्त झालं, याद्या वेळेत गेल्या, मुलांचे पैसे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली ती दोन दिवसांनी आली. मग विज्ञान प्रदर्शन, मग परीक्षांची तयारी. या सगळ्यात कुणाचीही नियत खोटी नव्हती.

मार्चच्या एका रविवारी बाई मुलांना घेऊन शाळेमागच्या जंगलात गेल्या. एका मुलीचे आजोबा तिथल्या बीटमध्ये फायर वॉचर होते. उन्हाळ्याच्या हंगामात वन विभाग गावातल्या माणसांना या कामावर घेतो. आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. सगळी शाळा त्यांना दादा म्हणायची.

"जोहार बाई. या, रेषा दाखवतो."

जंगलाचे कक्ष पाडलेले असतात आणि कक्षांच्या कडेने जाळरेषा काढतात. ठरावीक रुंदीचा पट्टा, त्यावरचं गवत आणि झुडपं कापून, वाळवून, माणसं उभी राहून ती थंडीतच जाळून टाकायची. पुढे वणवा आला तर त्या पट्ट्यात त्याला खायला काही मिळत नाही. मुलांना वाटलं होतं काळीभोर, स्वच्छ पट्टी दिसेल. प्रत्यक्षात समोर सागाची पानं पसरली होती. ताटाएवढी, करडी, कडक. पाय टाकला की कडाड् वाजत होती.

"दादा, रेषा कुठंय?" एका मुलाने विचारलं.

"हेच ना. हेच्यावरच उभा आहेस तू." दादांनी वाकून मूठभर पानं उचलली आणि चुरली; खाली काळी, जळलेली माती निघाली. "जानेवारीत आमी काढली रेषा. साहेब आले, फोटो झाला, नकाशावर लाल लाइन पडली. पण सागाची पानगळ त्याच्या बादच होते. एक वारा सुटला का रेषा भरते. रेषा काढली मंजे झालं असं नसते बाई. हे काम पाऊस पडेपर्यंत करा लागते."

वन विभागाकडे आता पाला उडवणारी ब्लोअर मशीनं आहेत. आग लागली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या आधारे संदेशही येतो. पण त्या दिवशी दादांच्या हातात होती पळसाच्या डहाळ्यांची मोळी, आणि ते झाडत होते. मुलंही लागली. शंभरेक पावलं गेल्यावर दादा थांबले. एक वाळलेलं ऐनाचं खोड पट्ट्यावर आडवं पडलं होतं, एक टोक या कक्षात, दुसरं त्या कक्षात. सालीखाली वाळवी लागून ते पोकळ झालं होतं. कुणीतरी मोहाच्या झाडाकडे जाताना, सायकल ठेवायला की बसायला, ते ओढून आणलेलं दिसत होतं. खोडाच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी वाऱ्याने पाला साचला होता.

"सगळी रेषा साफ असली आन हे एक राहिलं, तर आग हेच्यावरून चालत जाते," दादा म्हणाले. "धूर बी दिसत नाही. आतून धुपत जाते, रातभर. सकाळी तिकडून भडकते."

"हे कुणी ठेवलं?" मुलीने विचारलं.

"आपल्याचपैकी कोणी. मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांनं." आवाजात राग नव्हता. मोहफुलांवर इथल्या घरांचे काही महिने निघतात. झाडाखालची पानं जाळली की पहाटे पडलेली फुलं नीट दिसतात, म्हणून लोक आग लावतात आणि कधी ती हातची सुटते. दादांच्या घरी मोहाखालचा पाला झाडून एका जागी गोळा करतात, जाळतात आणि राख गार होईस्तोवर कुणीतरी तिथे बसून राहतं. "ठेवणारा वाईट नव्हता, पोरी. त्याचं काम झालं, तो घरी गेला. खोड राहिलं."

"आणि दादा, आग आतच लागली तर? कुणी बिडी टाकली तर?"

"मंग रेषा काय करंल? मंग आपल्यालाच डहाळ्या घेऊन धावा लागते. पण या कक्षातली आग या कक्षातच राहते. ते बी लहान काम नाही."

चार मोठ्या मुलांनी आणि दादांनी मिळून ते खोड उचललं आणि रेषेपासून पार लांब नेऊन टाकलं.

बाई संध्याकाळी परत आल्या, हातपाय धुतले आणि ऑफिस उघडून थेट त्या जुन्या संगणकासमोर बसल्या. नियमांची यादी कित्येक आठवड्यांत त्यांनी वरपासून वाचली नव्हती. वरून तिसरी ओळ: 3389, कुठूनही, परवानगी. शेजारी त्यांचंच वाक्य. तात्पुरता. उद्या काढणे.

त्यांनी ती ओळ तिथल्या तिथे काढली आणि नोंदवही उघडली. बाहेरून नाकारलेल्या ओळींची आता त्यांच्या डोळ्यांना सवय झाली होती. त्यांच्या मधोमध काही ओळी वेगळ्या होत्या. आदल्या रात्री दोन वाजल्यानंतरच्या. पत्ता बाहेरचा नव्हता, ऑफिसमधल्या संगणकाचा होता. त्या संगणकाने मुलांच्या प्रयोगशाळेतल्या पंधराही संगणकांना ओळीने 445 वर विचारणा केली होती. प्रत्येकासमोर एकच शब्द: नाकारलं. त्यानंतर आरोग्याच्या संगणकाला. नाकारलं. परत एकदा. नाकारलं.

शनिवारी रात्री दोन वाजता ऑफिसला कुलूप होतं. संगणक मात्र लिपिकभाऊंनी चालूच ठेवला होता.

बाईंनी तो बंद केला नाही. बंद केला तर त्याच्या स्मृतीतला पुरावा पुसला जातो. त्यांनी मागे हात घालून नेटवर्कची तार उपटली आणि सरांना बोलावणं धाडलं. संगणकाच्या लॉगइनच्या नोंदी पाहिल्या तेव्हा सगळा प्रवास दिसला. कित्येक रात्री पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न, एकामागून एक, न थकता. पासवर्ड होता शाळेचं नाव आणि पुढे साल. शुक्रवारी तो जुळला होता. शनिवारी आत आलेला तो कुणी आजूबाजूच्या संगणकांकडे वळला होता आणि आतल्या रेषेवर अडकला होता.

445 हे पोर्ट एकाच नेटवर्कवरच्या संगणकांनी एकमेकांच्या फायली वापराव्यात म्हणून असतं. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच वाटेने देशोदेशी पसरला. विंडोजमधली ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती त्यांचे संगणक गेले. त्याच वर्षी 27 जूनला नॉटपेट्या आला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या कर-हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाली, म्हणजे लोकांनी विश्वासाने स्वतःच आत घेतलेल्या गोष्टीतून. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलवरचं काम विस्कळित झालं. एवढ्या मोठ्या कंपनीत एका देशातून दुसऱ्या देशात जायला त्याला जी मोकळीक मिळाली, ती या शाळेत ऑफिसच्या खोलीतून शेजारच्या खोलीत जायलाही मिळाली नाही. अडगळीतल्या त्या यंत्राची ही कमाई होती आणि ती लहान नव्हती.

पण ऑफिसचा संगणक गेला होता. त्यातली शिष्यवृत्तीची यादी, खातेक्रमांकांसकट, कुणी नेली नाही असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुणी केलं हे?"

"नियम मी उघडला होता सर," बाई म्हणाल्या. "आणि मीच बंद केला नाही."

"मागितला मी होता," लिपिकभाऊ दारातून म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ऑफिसचा दिवा बघून आले होते. "माझं काम झाल्यावर मी परत विचारायलाही आलो नाही. आणि पासवर्डही माझाच."

त्या खोलीत तिघंच होते. तार परत जोडून, संगणक पुसून, नवीन सुरुवात करता आली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. सरांच्या मनात ते आलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी सोमवारी सकाळी गडचिरोलीच्या सायबर पोलिसांना कळवलं, केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेला लिहिलं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी पालकांना शाळेत बोलावलं. मराठीत सरांनी सांगितलं, माडियात दादांनी. तुमच्या पोरांच्या खात्याचा नंबर बाहेर गेला असू शकतो. पासबुक बघत जा. फोनवर कुणी बँकेतून बोलतो म्हणाला, आकडा मागितला, तर सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा आणि आमच्याकडे या. एक म्हातारा उठून म्हणाला, आमच्या पोरीचा रक्ताचा कागद? नर्सबाई म्हणाल्या, तो त्या संगणकात नव्हता, जिथे आहे तिथपर्यंत कुणी पोचलं नाही. तो खाली बसला.

पुढच्या आठवड्यात लिपिकभाऊंनी कपाटातून एक कोरं रजिस्टर काढलं आणि स्वतःच्या हाताने रेघा मारल्या. काय उघडलं. कुणासाठी. कोणत्या पत्त्याला. किती वाजेपर्यंत. कुणी मागितलं. कुणी बंद केलं. बंद झाल्याचं कुणी तपासलं. बाईंनी बाहेर जाणाऱ्या रहदारीलाही नियम लावले, कारण आत शिरलेला चोर माल बाहेरच्याच वाटेने नेतो. ऑफिसचा पासवर्ड लांबलचक झाला, अहेरीहून गाणी भरून आणलेले पेनड्राइव्ह ऑफिसच्या संगणकाला लावणं बंद झालं, आणि नोंदींची एक प्रत नेटवर्कला न जोडलेल्या हार्डडिस्कवर, गोदरेजच्या कपाटात जाऊ लागली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर नियमांची यादी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायची असं ठरलं. बाई वाचायच्या, लिपिकभाऊ प्रत्येक ओळीला "कशासाठी?" विचारायचे. उत्तर आलं नाही की ओळ काढून टाकायची. पहिल्या शनिवारी अशा दोन ओळी गेल्या.

जूनच्या शेवटी नव्या प्रवेशांची गर्दी सुरू झाली आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा अडलं. कंपनीच्या माणसाचा फोन लिपिकभाऊंनीच घेतला.

"उघडून द्या ना, मागच्यासारखं. दहा मिनिटांचं काम आहे."

"मागच्यासारखं नाही. तुमच्या ऑफिसचा पत्ता पाठवा, तेवढ्यालाच उघडेल. आणि वेळ सांगा."

पलीकडून कुरकुर झाली. शेवटी पत्ता आला. रजिस्टरमध्ये ओळ पडली: चार ते साडेसहा. बाहेर पाऊस लागला होता, वीज जायच्या आत काम उरकायची सगळ्यांनाच घाई. सहा वाजून वीस मिनिटांनी लिपिकभाऊ वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. बाई दहावीला शिकवत होत्या.

"मॅडम, साडेसहा होतायत."

"त्याचं झालं का?"

"नाही. अर्धं राहिलंय म्हणतो."

बाईंनी मुलांना गणित घालून दिलं, ऑफिसमध्ये गेल्या आणि ओळ काढली. लिपिकभाऊंनी आपल्या मोबाइलवरून कंपनीत फोन लावला. "आता लागतंय का बघा बरं."

"नाही ना सर, तुटलं. माझं मधेच राहिलं की!"

"बरं झालं," लिपिकभाऊ म्हणाले आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात सही केली. "उद्या अकराला परत उघडू. पत्ता हाच राहील ना तुमचा?"